पितळी भोंगा

बेटेगावच्या वळणावर एक बाई पुंडलिकच्या फटफटीखाली येता येता वाचली, आणि त्या दिवसापासून भोंग्याचा विषय निघाला.

सदुसष्ट सालचा उन्हाळा होता. तारापूरकडे अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. बोईसरच्या ज्या रस्त्यावर पूर्वी बैलगाड्या आणि डोक्यावर मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायकाच काय त्या दिसत, तो आता दिवसभर खडीच्या ट्रकांच्या धुळीत बुडालेला असे.

पुंडलिक नवापूरचा, पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जाणाऱ्या घरातला. तीन वर्षांपूर्वी थोरला भाऊ वामन याच्याशी भांडून त्याने होडी सोडली आणि बेटेगावच्या पलीकडच्या टेकडीत एका ठेकेदाराची दगडखाण होती, तिथे कामाला लागला. खडकाला भोकं पाडायच्या मशीनवर तो असे. सकाळपासून भोकं पाडायची आणि दुपारी बाराला त्यांत सुरुंग भरून उडवायचे, असं ते काम. नवापूरहून रोज तिथवर सायकल मारणं जमेना, म्हणून बदली होऊन गेलेल्या एका ओव्हरसियरची जुनी मोटारसायकल त्याने घेतली होती. गावात तिला फटफटीच म्हणत.

त्या दिवशी तो खाणीवरून परत येत होता. पुढे एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन कडेने चालली होती. मागून आलेला ट्रक पुंडलिकला जवळजवळ घासून पुढे गेला, पुंडलिक डावीकडे दबला आणि थेट तिच्या अंगावर गेला. बाईने मोळी टाकून चरात उडी घेतली. फाटी रस्ताभर पांगली.

पुंडलिकने गाडी उभी केली. "एवढा हॉर्न दिला मी. आयकू नाय आला?"

बाई ढोपराची माती झटकत वर आली. "आयकला. पण मागनं तो खटारा कवाचा बोंबलत व्हता. तू त्याला वाट का नाय दिली?"

"त्याने हॉर्न दिलाच नाय," पुंडलिक म्हणाला. बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग फाटी गोळा करू लागली. पुंडलिकने तिला मोळी बांधून डोक्यावर चढवून दिली.

घरी आल्यावर त्याने हे सगळं बायकोला, जमनाला, सांगितलं. महिन्याभरापूर्वी याच रस्त्यावर एक सायकलवाला ट्रकखाली गेला होता, त्याची चप्पल दोन दिवस तिथेच पडून होती. बाजाराला जाताना तिने ती पाहिली होती.

"तुमच्या गाडीचा हॉर्न म्हणजे चिलटाचा आवाज," ती म्हणाली. "मोठा बसवून घ्या. ट्रकवाल्यांनासुद्धा दचकवील असा."

बोईसरला स्टेशनजवळ देवू मिस्त्रीचं गॅरेज होतं. दुसऱ्या दिवशी पुंडलिक तिथे गेला. देवूने आधी फटफटीचा जुना हॉर्न वाजवून पाहिला. समोरच्या हॉटेलात चहा पिणारी दोन माणसं वळून बघायला लागली.

"चांगला वाजतोय की," देवू म्हणाला.

"कुठं वाजतोय? मला इथं उभं राहून धड येत नाय आयकू."

देवूने पुन्हा दाबला. मग पुंडलिकच्या तोंडाकडे पाहिलं आणि खांदे उडवले. गिऱ्हाइकाशी वाद घालायची त्याला सवय नव्हती. मोडीत निघालेल्या एका ट्रकचा पितळी भोंगा त्याच्याकडे पडून होता. हातभर लांब, तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं पसरट आणि मागे रबराचा मोठा फुगा. देवूने लोखंडी पट्टी वाकवली, चार नटबोल्ट मारले आणि भोंगा हँडलवर असा आवळून बसवला की फुगा उजव्या हाताशी यावा. पुंडलिकने फुगा दाबला. म्हैस हंबरावी तसा भरदार, खोल आवाज निघाला. रस्त्यावरचं कुत्रं उठून पळालं. पुंडलिकचं तोंड एकदम उजळलं.

"हा आवाज," तो म्हणाला. "याला म्हणतात आवाज."

त्यानंतर तो निर्धास्त झाला. वळण आलं की भोंगा, बैलगाडी दिसली की भोंगा, समोर काही नसलं तरी भोंगा. फुगा दाबायचा आणि रस्त्याच्या मधून सरळ निघायचं. पूर्वी तो कडेकडेने जपून चालवायचा, ते आता सुटलं. गावात हसायचे लोक. पण जमनाला बरं वाटायचं. संध्याकाळी खाडीच्या पुलाकडून भोंगा ऐकू आला की ती चुलीवर तवा ठेवायची.

तिला दुसरीच एक गोष्ट आतून खात होती, ती मात्र कोणाला सांगता येण्यासारखी नव्हती. पुंडलिक तिच्याशी तुटक वागायला लागला होता. पाठीमागून काही विचारलं तर उत्तर देत नसे. रात्रीच्या जेवणाला हाक मारली तर ओसरीवर तसाच बसून राहायचा, ती जाऊन समोर उभी राहिली म्हणजे उठायचा. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. शेजारणी जे बोलत ते आता याच्याही मनात आलं असेल, असं तिने धरून ठेवलं होतं. तीही मग कमी बोलू लागली होती.

मेच्या शेवटच्या रविवारी तिला बोईसरच्या बाजाराला जायचं होतं. सुक्या बोंबलांची पाटी मांडीवर धरून ती फटफटीवर मागे बसली. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना खाजण लागलं. भरतीचं पाणी नुकतंच ओसरलं होतं, चिखल चकाकत होता.

मागून ट्रकचा चिरका हॉर्न ऐकू आला. जमनाने वळून पाहिलं. ट्रक लांब होता. पुंडलिक रस्त्याच्या मधूनच चालला होता. पुन्हा हॉर्न झाला, मग न थांबता वाजतच राहिला.

"अवो, ट्रक येतोय. बाजूला घ्या."

पुंडलिकने घेतली नाही.

"मागं ट्रक हाय," ती त्याच्या कानाशी ओरडली. वाऱ्याने शब्द मागे उडवले. तिने पाठीवर थाप मारली. वेगाला घाबरली असेल असं समजून त्याने डावा हात मागे करून तिचा गुडघा थोपटला.

समोर एक बैलगाडी होती. पुंडलिकने भोंगा दिला, गाडीवानाने बैल कडेला घेतले. तिला ओलांडायला पुंडलिकने फटफटी उजवीकडे काढायला सुरुवात केली, आणि त्याच क्षणी ट्रकही उजवीकडून पुढे निघत होता. जमनाला ट्रकचं तोंड आपल्या खांद्याशी दिसलं. इंजिनाची ऊब गालाला लागली. तिने पाटी सोडली, दोन्ही हातांनी पुंडलिकचा डावा खांदा धरला आणि सगळं अंग टाकून ओढला.

फटफटी बैलगाडीच्या मागून आडवी गेली, रस्त्याची कड ओलांडून उतारावर घसरली आणि खाजणात रुतली. दोघंही चिखलात फेकली गेली. ट्रक गेला तो पन्नास पावलांवर जाऊन थांबला.

जमनाच्या कोपराचं सालटं निघालं होतं. पुंडलिक उठून बसला, आपले हातपाय चाचपले, मग तिचे. बोंबील चिखलात विखुरले होते. वरून ट्रकचा ड्रायव्हर धावत आला.

"बहरा है क्या? आधे मील से हॉर्न मार रहा हूँ."

पुंडलिक त्याच्याकडे पाठ करून फटफटी उभी करत होता. त्याने मान वळवली नाही. ड्रायव्हरने तेच पुन्हा म्हटलं, मग जमनाकडे पाहिलं, कोणाचं हाड मोडलं नाही याची खात्री केली आणि निघून गेला.

"बघितलंस?" पुंडलिक चाकात अडकलेला चिखल काढत म्हणाला. "मी भोंगा दिला, गाडीवान सरकला. आणि हा मागनं मुकाट्याने येतो. एक हॉर्न तरी द्यावा माणसाने."

जमना उठता उठता थांबली. तिच्या मनात एकाच वेळी कितीतरी गोष्टी आल्या. ओसरीवर त्याचं तसंच बसून राहणं, पाठीमागून विचारलेले प्रश्न. ती त्याच्या मागे चार पावलांवर उभी राहिली. लग्नात उखाण्यात घेतलं त्यानंतर तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"पुंडलिक," ती म्हणाली.

तो चिखल काढत राहिला.

"पुंडलिक," ती मोठ्याने म्हणाली.

वर रस्त्यावर बैलांना चुचकारणारा गाडीवान वळून तिच्याकडे बघू लागला. पुंडलिक नाही वळला.

ती फिरून त्याच्या समोर गेली. "तुमाला आयकायला येत नाय," ती म्हणाली.

"कोण म्हणतो?"

"मी दोनदा हाक मारली. ट्रक कवाचा हॉर्न देत होता, मी आयकला."

"धुळीने कान दडपलेत. उन्हाळा हाय."

"कवापासून?"

तो रुमालाने भोंग्याचं पितळ पुसायला लागला. जमनाने त्याचा हात धरून थांबवला, कारण तिला आत्ताच, उभ्या उभ्या, दुसरी एक गोष्ट सुचली होती.

"खाणीत सुरुंगाच्या आधी शिट्टी होते. ती येते आयकू?"

पुंडलिकने खाजणाकडे पाहिलं. "बाकीच्यांचे पाय बघतो," तो म्हणाला. "ते पळायला लागले की मी पळतो. आणि सुका हाय ना."

सुका मशीनवर त्याच्या जोडीला होता. पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. शिट्टी झाली की सुका पुंडलिकचा सदरा ओढायचा. कधी ठरवून झालं नव्हतं. एकदा पुंडलिक शिट्टीनंतरही वाकून काम करत राहिला तेव्हा सुकाने ओढत बाहेर आणलं, तेव्हापासून रोज. त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, पुंडलिकलाही काही विचारलं नव्हतं.

"सुका तर पावसाच्या आधी शेतावर जातो," जमना म्हणाली.

"मंगळवारपर्यंत हाय. बुधवारी पहाटे निघणार, तो आणि त्याची बायको ठमी."

"मंग मुकादमाला सांगा."

"सांगितलं की दुसऱ्या दिवशी घरी. आणि मंग कुठं जाऊ? वामनच्या दारात? होडी सोडताना काय बोललो होतो मी त्याला, तू होतीस तिथं." त्याचा आवाज चढला होता, पण आपला आवाज किती चढला हे त्याला कळत नव्हतं. गाडीवान अजून बघत होता.

बाजाराला ती गेलीच नाहीत.

सोमवारी पुंडलिक खाणीवर गेला. जमनाने अडवलं नाही, पण सकाळपासून तिच्या हातून एक काम धड होईना. खाणीतला धमाका वारा जमिनीकडून असला तर कधीकधी नवापुरात धप्प असा ऐकू यायचा. त्या दिवसांत वारा समुद्राचा होता. तिने अंगणातल्या सावलीकडे बघून बारा वाजले असतील असं धरलं आणि तिथून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत ती नुसती बसून राहिली. मंगळवारीही तेच.

मंगळवारी त्याला वाढताना ती समोर बसून म्हणाली, "तुमी सांगता का मी सांगू?"

"तू खाणीवर पाऊल टाकलंस तर बघ," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

बुधवारी त्याने फटफटी चालू केली तेव्हा ती येऊन मागे बसली. तो म्हणाला, उतर. ती उतरली नाही. शेजारी बघायला लागले तसा तो निघाला. वाटेत मागून ट्रक आला की ती त्याच्या डाव्या खांद्यावर मूठ मारी आणि तो गाडी कडेला घेई. बोईसरचं रेल्वे फाटक ओलांडून खाणीपर्यंत सात ट्रक मागून आले.

खाणीवर खडी वाहणाऱ्या बायका करंजाच्या झाडाखाली बसत, तिथे जमना थांबली. तिथून खाणीचं तोंड दिसे, आतलं मशीन दिसत नसे. मशीनचा आवाज मात्र तिथपर्यंत येऊन दातांत शिरायचा. तीन वर्षं हा आवाज त्याच्या कानांशी होता, हे तिला त्या दिवशी कळलं.

बाराच्या सुमाराला मशीन थांबलं. सुरुंग भरून झाले. एका माणसाने वाटेवर लाल बावटा रोवला. मुकादमाने पहिली शिट्टी दिली, लांब आणि बारीक. माणसं खाणीतून बाहेर येऊ लागली, काही पळत, काही सवयीने रमतगमत. जमना एकेक चेहरा बघत होती. सुकाच्या जागी आलेला नवा माणूस विडी पेटवत एकटाच आला.

ती उठून त्याच्यासमोर गेली. "तुझ्या जोडीचा कुठं हाय?"

"येतोय मागनं."

मागे कोणी दिसत नव्हतं. दुसरी शिट्टी झाली. वाटेवर आता धुळीशिवाय काही नव्हतं. तिसऱ्या शिट्टीला वात पेटवतात, एवढं तिला पुंडलिकनेच कधीतरी सांगितलं होतं. जमना बावट्याकडे धावली. बावटेवाल्याने हात आडवा घातला.

"माझा माणूस आत हाय."

"शिट्टी झाली बाई. असेल तो बाहेर."

मुकादमाने शिट्टी ओठांना लावली होती. जमनाने जाऊन त्याचं मनगट धरलं. परक्या पुरुषाचा हात तिने असा कधी धरला नव्हता.

"त्याला शिट्टी आयकू येत नाय," ती म्हणाली. "पुंडलिकला. त्याचे कान गेलेत. तो आत राहिलाय."

झाडाखालच्या बायका उठून उभ्या राहिल्या. मुकादमाने हात उंच करून आत वातीशी उभ्या असलेल्या माणसाला थांबवलं. "किती दिवसांपासून?" त्याने विचारलं. जमना सांगू लागली. सदरा ओढणाऱ्या सुकाचं सांगितलं, ट्रकचं सांगितलं, भोंग्याचं सांगितलं. सांगता सांगता तिला दिसलं की सगळे आता तिच्याकडे नाही, तिच्या मागे बघताहेत.

तिने वळून पाहिलं. हत्यारांच्या छपरापाशी, बावट्याच्या अलीकडे, पुंडलिक तेलाचा डबा हातात घेऊन उभा होता. नवा माणूस भरवशाचा नाही म्हणून तो त्या दिवशी पहिल्या शिट्टीच्याही आधी, मशीन थांबताच, दुसऱ्या वाटेने बाहेर आला होता. जमना काय बोलली त्यातला एक शब्द त्याला ऐकू आला नव्हता. त्याने तिचे हलणारे ओठ पाहिले, मुकादमाचा चेहरा पाहिला, आपल्याकडे वळलेली सगळी तोंडं पाहिली. त्याने डबा हळूच खाली ठेवला.

मुकादम त्याच्याजवळ गेला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने पुंडलिकला खांद्याला धरून पाठमोरा उभा केला, दोन पावलं मागे सरला आणि शिट्टी दिली. झाडाखालच्या एका बाईने कानांवर हात ठेवले. जमना नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती. घामाने चिकटलेला सदरा, मानेवरची दगडाची भुकटी. ती पाठ जराही हलली नाही.

"उद्यापासून येऊ नको," मुकादम त्याच्या समोर येऊन म्हणाला. मग जरा थांबून, "तुझ्याच जिवासाठी सांगतो."

पुंडलिक फटफटी घेऊन निघून गेला. जमनासाठी थांबला नाही. ती भर उन्हात बोईसरपर्यंत चालत आली. सगळ्या वाटेवर ती प्रत्येक येणाऱ्या ट्रककडे आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक चराकडे भीतभीत बघत होती. देवूच्या गॅरेजसमोर तिला फटफटी दिसली. पुंडलिक पायरीवर बसला होता.

"गाडी इथंच राहू दे म्हणतो," देवू तिला म्हणाला. त्याने तिची नजर चुकवली. "मला त्याच दिवशी शंका आली होती. बोलायला पायजे होतं मी."

नवापूरला ती दोघं चालत आली, तो पुढे आणि ती मागे.

नऊ दिवस पुंडलिक तिच्याशी बोलला नाही. दहाव्या दिवशी वामन आला. कोणी त्याला बोलावलं नव्हतं; गावात बातमी पोचली होती. मासेमारी पावसासाठी बंद झाली होती, होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. वामनने फाटलेलं जाळं ओसरीवर टाकलं, भावाच्या समोर बसला आणि एक टोक त्याच्या हातात दिलं. जुन्या भांडणाचा विषय कोणी काढला नाही. दुपार होईपर्यंत दोघं जाळं विणत होते. जाताना वामन हाताने खूण करून म्हणाला की नारळी पौर्णिमेनंतर मला एक माणूस लागेल. पुंडलिकने मान हलवली.

आषाढात एका सकाळी पुंडलिक स्वतःच म्हणाला, "पालघरला डॉक्टर हाय म्हणे कानांचा."

डॉक्टरने बराच वेळ तपासलं. पुंडलिकला एका खोलीत बसवून जमनाला वेगळं सांगितलं. आधी बारीक आवाज जातात, शिट्टीचे, बायकांचे, पाखरांचे. जाडे, घोगरे आवाज बरेच दिवस राहतात. गेलेलं परत येणार नाही. आवाजापासून लांब राहिला तर उरलेलं टिकेल.

एसटी स्टँडवर पावसाने चिखल झाला होता. दोघं पत्र्याखाली उभी राहिली.

"काय म्हणाला?" पुंडलिकने विचारलं.

जमनाला वाटलं, थोडं गोड करून सांगावं. मग ती त्याच्या समोर आली, चेहरा वर केला आणि डॉक्टर जे जे बोलला ते सावकाश, काही न वगळता सांगितलं. आजूबाजूची माणसं बघत होती. तिने बघू दिलं. पुंडलिकची नजर तिच्या ओठांवरून हलली नाही.

"म्हंजे तुझा आवाज आधी गेला," तो म्हणाला.

"मला वाटलं, तुमी रागावलाय माझ्यावर."

त्याने नाही अशी मान हलवली. शिरगावची गाडी येऊन गेली.

"रोज बारा वाजायला आले की वाटायचं, आज काय मी घरी जात नाय," तो म्हणाला. "सुका असला तरी तसंच वाटायचं. तुला सांगणार होतो एकदा. मंग वाटलं, सांगितलं की सुटलंच काम." त्याने तिच्याकडे पाहिलं. "आता नाय वाटत तसं."

बोईसरची गाडी लागली. दाराशी गर्दी झाली. जमनाने त्याच्या दंडाला धरलं आणि दोघं आत चढली.